आधी सीटपोस्ट हलते का बघा

खानापूरच्या मित्राने विचारलंय: मामांनी अमेरिकेहून आणलेली, १९८४ च्या आसपासची, कारागिराने हाताने बांधलेली माउंटन बाईक माळ्यावर सापडली, सस्पेन्शन फोर्क, डिस्क ब्रेक आणि नवा रंग असं करून घेऊ का?

तिन्ही नको. आधी सीटपोस्ट हलते का बघा. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, वर्षानुवर्षं तशीच राहिली, वर आपल्याकडचा पाऊस, की ती आत धरून बसते. बोल्ट सैल करा, तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग पिळून बघा. हातोडा घेऊ नका. ती निघेपर्यंत एक रुपया खर्चू नका.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत पोरं जुन्या सायकली डोंगरावरून सोडायची. ब्रेक मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, असायचा; तो तापून आतलं ग्रीस जळून जायचं, खाली आलं की नवं भरायचं. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. त्या दणक्यांसाठी तिथल्याच सायकलपटू जो ब्रीझने १९७७ मध्ये क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादाची) फ्रेम बांधली. अशा फ्रेमचे सांधे पितळ वितळवून जोडून (ब्रेझ करून) कानशीने घासलेले असतील, तर रंगाखाली कारागिराचं काम आहे. सँडब्लास्टिंगवाल्याच्या हाती ते देऊ नका. डिस्कचं ब्रॅकेट पातळ नळीला वेल्ड करणं तर त्याहून वाईट. उंच सस्पेन्शन फोर्कने पुढचा भाग उचलला जातो, हँडल सुस्त होतं.

मी काय घालवलं ते सांगतो. माझ्या अशाच जुन्या बाईकचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांच्या मधल्या नळीतलं बेअरिंग, एका वर्कशॉपात काढायला दिला. अमेरिकन फ्रेमला उजवीकडच्या कपाचे (बेअरिंगच्या वाटीचे) आटे बहुधा उलटे असतात. त्या माणसाने पान्याला पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर केला, आटे गेले. सांगायला हवं होतं, मी चहा प्यायला गेलो होतो.

टायर घेताना फसू नका. बाजारात लेडीज सायकलचं २६ × १ ३/८ मिळतं, त्याची रिम ५९० मिमी. तुमची ५५९ मिमी. दोन्ही ‘सव्वीस’च! २६ × २.१ मागा. ब्रेकचे रबर नवे घाला, केबल बदला. बास.

चालवताना सवय लागते. कॅन्टिलिव्हर ब्रेक, म्हणजे रिमवर रबर दाबणारे, पावसात उशिरा धरतात, आणि जांभ्याचा लाल चिखल रबरात अडकला की रिम घासून काढतो. म्हणून जांबोटीकडे पावसाळ्यात मी माझी जुनी बाईक नेत नाही. दिवाळीनंतर मात्र येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या वाटेवर, ३५ पीएसआय हवेत, ती अशी लवचीक चालते की माझी ॲल्युमिनियमची सायकल दगडासारखी वाटते. कधी भिजलीच, तर सीटपोस्ट काढून सायकल उलटी टांगा, आतलं पाणी निथळू दे.

पेडलांच्या मधल्या नळीखाली बघा, बहुतेकदा तिथे नंबर असतो. तो लिहून कळवा. सीटपोस्ट हललीच नाही तर रविवारी बेळगावला घेऊन या की, माझ्याकडे मोठा व्हाइस आहे.