कळतं पण वळत नाही, असं का होतं?

तुम्ही विचारलंय की एखादी गोष्ट मनापासून पटलेली असूनही माणूस ऐन वेळी उलटंच का वागतो. मला वाटतं आपण उगाच सगळा दोष विचारांना देतो, म्हणजे लोकांना समजावून सांगा, प्रबोधन करा वगैरे. विचार तर बऱ्याचदा आधीच बदललेला असतो, गाडी अडते दुसरीकडेच.

आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये याची छान मांडणी केली होती. आपण काय करणार हे तीन गोष्टींवर ठरतं, आपलं स्वतःचं मत, आपली माणसं काय म्हणतील, आणि हे मला जमेल का.

माझ्या मावशीचे यजमान गेले तेव्हा बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. नंतर मी घरातल्या एकेकीला वेगवेगळं विचारलं तर प्रत्येकीचं उत्तर तेच, मला नव्हतं गं पटत, पण बाकीच्यांना काय वाटलं असतं. म्हणजे खोलीत एकीलाही ते नको होतं आणि तरी ते झालं, कारण प्रत्येकीला वाटलं की आपण एकटीच अशा विचारांची!! हे मला आजही फार लागतं.

म्हणूनच हेरवाडचं मोल मला जास्त वाटतं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हे गाव, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं सगळं बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने रातोरात मनं बदलतात असं मी म्हणत नाही, पण "लोक काय म्हणतील" याचं उत्तर गावाने चारचौघांत देऊन टाकलं, आता पहिलं पाऊल कुणा एकीला एकटीने टाकायचं नाही, आणि हीच खरी अडचण असते.

तरी तिसरी गोष्ट उरतेच. मावशीला आम्ही सगळे म्हणायचो की तू हळदीकुंकवाला ये, कुणी काही बोलणार नाही, तर ती म्हणायची मला नाही जमायचं. बंडुरा म्हणून दुसरे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं असं की आत्मविश्वास उपदेशाने फारसा वाढत नाही, तो छोटी गोष्ट स्वतः करून बघितल्याने किंवा आपल्यासारख्याच कुणाला ती करताना बघितल्याने जास्त वाढतो. मावशीचंही तसंच झालं, सोसायटीतल्या एक काकू, त्याही विधवाच, संक्रांतीला वाण घ्यायला पुढे झाल्या ते तिने बघितलं आणि पुढच्या वर्षी स्वतःहून साडी नेसून तयार बसली.

तेव्हा तुमचं कुठे अडतंय ते आधी बघा. लोकांची भीती असेल तर त्यातल्या दोघातिघांना एकेकटं गाठून सरळ विचारा, निम्मे तरी तुमच्याच बाजूचे निघतील असं मला वाटतं. आणि जमेल का हीच शंका असेल तर जिने ते आधी केलंय तिच्याजवळ जाऊन बसा.