केमो धोक्याची आहे म्हणतात, मग वडिलांसाठी आता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की गाव निपाणीजवळ, वडील 71 वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला, हृदय आणि किडनी कमजोर म्हणून डॉक्टर केमो नको म्हणतात आणि भाऊबंद 'मुंबईला हलवा' म्हणून मागे लागलेत. मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातला आहे, आईच्या वेळी हेच भोगलंय.

आईचा स्तनाचा कॅन्सर पाठीच्या हाडात उतरला होता. हृदयाचं पंपिंग कमी, केमो सोसणार नाही म्हणाले. दीड महिना आम्ही रिपोर्टची पिशवी घेऊन बेळगाव, मिरज, कोल्हापूर पालथं घातलं. कुणीतरी केमो द्या, एवढंच मागणं. त्या दीड महिन्यात तिच्या दुखण्याकडे कुणी बघितलं नाही. आम्हीसुद्धा नाही. ते अजून लागतं मला.

आई बाजारात भाजी विकायची, कन्नड व्यवहारापुरतं यायचं. सिस्टर विचारायच्या, "नोवु एष्टदरी?" किती दुखतंय? आई म्हणायची, "स्वल्प." आणि रात्री घरी उशीचा कोपरा दातात धरून पडायची. शेवटी एक डॉक्टरीणबाई खाटेवर तिच्याजवळ बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "मावशी, सोळा आण्यातलं किती आणे दुखतंय?" आई लगेच म्हणाली, "चौदा आणे."

त्याच आठवड्यात हाडावर एकदाच रेडिएशन दिलं, मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी सुरू झाल्या. पंधरा दिवसांत चौदाचे चार आणे झाले. मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला, असं आमच्याकडे सगळे समजत होते. तसं नसतं. पोट मात्र घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. तुमच्या वडिलांची किडनी कमजोर आहे, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मॉर्फिन अंगात साठतं, डोस कमी करावा लागतो किंवा दुसरं औषध निवडावं लागतं. धाप लागते तेव्हाही ते थोड्या प्रमाणात देतात. मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. 2014 साली कायदा बदलून मान्यताप्राप्त दवाखान्यांना ते ठेवणं सोपं केलंय, म्हणून 'पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि धाप कमी करणारी काळजी, आहे का?' असं थेट विचारा.

आणखी एक विचारा: बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके या तपासण्या (कॅन्सरच्या पेशींतल्या जनुकांचे बदल शोधणाऱ्या) झाल्यात का? त्यात काही सापडलं तर गोळ्यांवर उपचार होतात आणि केमो न झेपणाऱ्यांनाही त्या बऱ्याचदा देता येतात. आईलाही हार्मोनच्या गोळ्या चालल्या होत्या. मुंबईला जायचंच तर आधी तुम्ही एकटे बायोप्सीच्या स्लाइड, ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि रिपोर्ट घेऊन जा. वडिलांना त्या प्रवासात घालू नका.

भाऊबंद म्हणतील, हात टेकले. त्यांना सांगा, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला अभ्यास 2010 साली छापून आला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांच्यातले निम्मे 11.6 महिन्यांहून जास्त जगले; बाकीच्यांत हाच आकडा 8.9 महिने होता.

आई नंतर सात महिने होती. पडवीत बसून पावट्याच्या शेंगा सोलायची, सुनेला मीठ कमी पडलं म्हणून ओरडायची.

आज रात्री वडिलांजवळ बसा आणि विचारा, किती आणे दुखतंय, किती आणे धाप लागतेय. आकडा वहीत लिहा, वेळेसकट. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर आधी ती वही उघडा.