निर्यातीचा आकडाच का हुकतो?

प्रश्न : कृषी अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी आग्नेय आशियातल्या तांदळाचं उत्पादन, मागणी आणि व्यापार यांचा दहा वर्षांचा अंदाज बांधते आहे. मागच्या वर्षांशी ताडून पाहिलं तर उत्पादन आणि खप जवळपास जुळतात, निर्यात मात्र साफ हुकते. माझं समीकरण कुठे चुकतंय?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : समीकरण बहुधा ठीक असेल. आधी एवढंच तपासा, उत्पादन भातात (म्हणजे टरफलासकट) आणि खप तांदळात असं तर धरलं नाही ना? भरडल्यावर वजन साधारण दोन-तृतीयांश उरतं. एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची) पीक-आकडेवारी भातात असते, अमेरिकी कृषी खात्याचा ताळेबंद तांदळात. दोन्हींची सरमिसळ केलेले तक्ते मला अजूनही भेटतात.

आता निर्यात. ताळेबंदात एका बाजूला आधीचा साठा, उत्पादन, आयात; दुसरीकडे खप, बियाणं, नासाडी, निर्यात आणि अखेरचा साठा. दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात, म्हणून एक रकाना वजाबाकीनं भरतात, आणि तिथे तुम्ही निर्यात बसवली असणार. समजा पिकले १०० टन, खपले ९५, बाहेर गेले ५. पीक ९८ टनच निघालं तर उत्पादनातली ती दोन टक्क्यांची चूक कुणाच्या नजरेत भरणार नाही. निर्यात मात्र पाचाची तीन, म्हणजे थेट ४० टक्के खाली. सगळ्यांची पापं त्या एका रकान्याच्या माथी! तांदळात हे फारच बोचतं, कारण जगात पिकलेल्या तांदळाचा जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो. गव्हाचा जवळपास चौथा.

तेव्हा निर्यातीला तिचं स्वतःचं समीकरण द्या : भाव, वाहतूकखर्च, सरकारी धोरण. उरलंसुरलं साठ्यात पडू द्या. साठा उणे जाऊ लागला तर चूक आपोआप उघडी पडेल. साठ्याचे छापील आकडेही जपून वापरा. सरकारी गोदामं मोजली जातात. गिरण्यांत आणि शेतकऱ्यांच्या कणग्यांत किती पडून आहे, ते बहुतेक अंदाजपंचेच असतं.

धोरणातले अचानक बदल समीकरणात बसत नाहीत, हे खरं. २००८ बघा. जगात पीक विक्रमी होतं. पण भारतानं ऑक्टोबर २००७ मध्ये बिगरबासमतीची निर्यात रोखली, व्हिएतनामनं हात आखडता घेतला आणि फिलिपिन्सनं घाबरून मोठमोठ्या निविदा काढल्या. जानेवारीत टनाला ४०० डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ मेपर्यंत १००० डॉलरच्या आसपास गेला. जपाननं गोदामातला आयात तांदूळ विकायची नुसती तयारी दाखवली आणि भाव उतरू लागले. पीक-पाण्याची गणितं पाहून यातलं काय सांगता आलं असतं? म्हणून निर्यातीचा एकच आकडा देऊ नका. एक अंदाज नेहमीच्या वर्षाचा द्या, दुसरा मोठ्या निर्यातदारानं दार लावलं तर काय होईल याचा. जुलै २०२३ मध्ये भारतानं बिगरबासमती पांढऱ्या तांदळाबाबत पुन्हा तेच केलं, सप्टेंबर २०२४ पर्यंत.

मागणीचं थोडक्यात : उत्पन्न वाढलं की माणशी तांदूळ वाढतच जातो, असं दहा वर्षांसाठी धरू नका. जपानमध्ये १९६२ साली माणशी सुमारे ११८ किलो खपत असे. आज त्याच्या निम्माही खपत नाही.