७२ च्या नोव्हात सिल्व्हराडोचं ५.३: नुसतं इंजिन नका घेऊ, अख्खा ट्रक घ्या

इंजिन बसतं, त्याची चिंता सोडा. तुमचा प्रश्न असा की १९७२ च्या शेव्हरोले नोव्हा या गाडीतलं मूळचं २५० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरवालं इंजिन काढून २००२ च्या शेव्हरोले सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ घालावं का, की जुन्या धाटणीचं कार्बोरेटरवालं ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८ आणून मोकळं व्हावं. जंकयार्डवाला नुसतं इंजिन स्वस्तात देतोय, तेही उचलावंसं वाटतंय. माझ्या मते ५.३ च घाला, पण ते सुटं इंजिन तिथेच राहू द्या. मागून किंवा कडेने ठोकलेला, पण अजून सुरू होणारा अख्खा ट्रक शोधा, आणि तोही टू-व्हील-ड्राइव्ह.

आधी ५.३ का ते सांगतो. तुमच्या २५० चा कंपनीने दिलेला आकडा ११० हॉर्सपॉवर. त्या वर्षी नोव्हात मिळणारं ३५० सुद्धा १६५ किंवा २०० चंच होतं. (१९७२ पासून शेव्हरोले नेट आकडे, म्हणजे गाडीतल्या सगळ्या जोडण्यांसकट मोजलेली ताकद, छापायला लागली, त्यामुळे आजच्या आकड्यांशी तुलना बऱ्यापैकी सरळ होते. त्याआधीचे फुगवलेले आकडे इथे धरू नका.) ट्रकचं हे इंजिन, म्हणजे एलएम७, १९९९ ते २००७ पर्यंत सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, सबर्बन, युकॉन अशा गाड्यांत लाखोंनी गेलं आणि वर्षागणिक २७० ते २९५ हॉर्सपॉवर देत राहिलं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमची, त्यामुळे वजन जुन्या बिडाच्या ३५० पेक्षा जास्त नाही. तुमच्या ओहायोतल्या जानेवारीत चावी फिरवली की सुरू. कार्बोरेटरवाल्या ३५० ला तेवढी ताकद आणायची तर हेड, कॅम, कार्बोरेटर, सगळ्यावर खर्च करावा लागेल आणि थंडीत चोक ओढत बसणं वेगळंच.

मग अख्खा ट्रकच का? कारण या कामात इंजिनाची किंमत हा लहान आकडा असतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे आजूबाजूच्या सामानात जातात: कंप्युटर, न कापलेलं वायरिंग, गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, सेल्फ, ऑल्टरनेटर, पुलीच्या बाजूचे सगळे ब्रॅकेट आणि बोल्ट, सेन्सर. सुट्या इंजिनाबरोबर यातलं निम्मं येत नाही, आणि यार्डवाल्यांनी वायरिंग बहुतेक वेळा कटरने तोडलेलं असतं. ट्रक चालू असेल तर इंजिन ऐकता येतं, ऑइल प्रेशर बघता येतं, गिअर पडतात का ते कळतं. उरलेला सांगाडा भंगारात विकून थोडे पैसे परतही येतात.

टू-व्हील-ड्राइव्हवर भर देण्याचं कारण गिअरबॉक्स. या ट्रकांतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे ४एल६०ई. फोर-व्हील-ड्राइव्हच्या ४एल६०ई ला मागे ट्रान्स्फर केस (पुढच्या चाकांकडेही ताकद वाटणारी पेटी) जोडायची व्यवस्था असते, नोव्हासारखी सरळ शेपटी नसते. ओहायोत बरेच ट्रक फोर-बाय-फोर, म्हणून शोधायला वेळ लागेल. लागू द्या.

ट्रक बघायला जाल तेव्हा काचेखालच्या व्हीआयएन नंबरातलं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकातलं, आठवं अक्षर वाचा. टी असेल तर एलएम७. झेड म्हणजे इथेनॉलवरही चालणारं ५.३, तेही चांगलं. व्ही म्हणजे ४.८, यू म्हणजे ६.० लिटर. बी दिसलं तर ते अॅल्युमिनियम ब्लॉकचं ३१० हॉर्सपॉवरचं एल३३ आहे, फार विचार करू नका, घेऊन टाका. ब्लॉकवरच्या अक्षरांवर मात्र विसंबू नका. ४.८ आणि ५.३ चा ब्लॉक एकच, त्यावर दोन्ही आकडे कोरलेले असतात आणि बोअरही, म्हणजे सिलिंडरचा व्यासही, सारखाच. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन वर-खाली जाण्याच्या अंतराचा, तो बाहेरून दिसत नाही. शंका आली तर प्लग काढून छोटा कॅमेरा आत सोडा. ४.८ चे पिस्टन वरून सपाट, एलएम७ चे खोलगट.

कूलंट कमी होत असल्याची खूण शोधा, विशेषतः ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट मळी आहे का ते. या काळातल्या ७०६ क्रमांकाच्या काही हेडना आतल्या बाजूने तडे जातात आणि पाणी हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे सर्वांत मागचे बोल्टही बघा. मिठाच्या रस्त्यांवर चाललेल्या ट्रकांत ते हमखास तुटलेले असतात. त्यामुळे सौदा सोडू नका, पण भाव पाडायला ते उपयोगी पडतात. २००७ च्या नव्या बॉडीतलं, चार सिलिंडर बंद करणारं इंजिन मी तुमच्या जागी टाळेन. त्यातल्या खास लिफ्टरची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) दुखणी जगजाहीर आहेत आणि कंप्युटरही वेगळा लागतो.

इंजिन बाहेर आहे तोवर मागचं क्रँक सील बदला. इनटेक काढून त्याखालचे दोन नॉक सेन्सर बघा, त्या खळग्यात पाणी साचून ते गंजतात. इंजिन एकदा फायरवॉलला टेकलं की मागच्या ऑइल प्रेशर सेन्सरपर्यंत हात पोचणं कठीण, तोही आताच बदलून टाका.

आता गाडीत बसवण्याचं. तुमच्या नोव्हाची पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन आणि पुढची चाकं पेलणारा सांगाडा, आणि ६७ ते ६९ च्या कॅमेरोची सबफ्रेम सारखीच, म्हणून तयार सामान मुबलक मिळतं. नव्या ब्लॉकला प्रत्येक बाजूला माउंटिंगची चार भोकं, जुन्याला तीन. मधे एक अॅडॅप्टर प्लेट येते, आणि व्ही-८ नोव्हाची फ्रेमकडची माउंट लागतात. तुमची सहा सिलिंडरची चालणार नाहीत. प्लेट दोन प्रकारच्या मिळतात, मूळ जागेवर बसवणाऱ्या आणि सुमारे इंचभर मागे नेणाऱ्या. मागे नेलेलं बरं. ट्रकच्या पुली सगळ्यांत जास्त पुढे येतात, रेडिएटर आणि पंख्याला ती जागा लागतेच.

ट्रकचं ऑइल चेंबर इथे चालत नाही. ते खोल आहे, क्रॉसमेंबरच्या (सबफ्रेमच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबतं, आणि तुमच्या गाडीचं स्टिअरिंगचं लिंकेज क्रॉसमेंबरच्या मागून, चेंबरच्या खालून जातं. जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं उथळ चेंबर घ्या आणि त्याच्याबरोबरची पिकअप ट्यूबच वापरा. या ट्यूबच्या टोकाला पंपात जाणारी एक छोटी ओ-रिंग असते. ती दुमडली किंवा चुकीच्या जाडीची बसली तर पंप हवा ओढतो, ऑइल प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातात. दोन डॉलरच्या रिंगेपायी इंजिन घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. ट्यूब बसवताना रिंगेला ऑइल लावा, हाताने ढकला, बोल्टने ओढून बसवू नका.

ट्रकमध्ये एसीचा कॉम्प्रेसर उजवीकडे खाली असतो, तो सबफ्रेमला आपटतो. एसी नको असेल तर विषय संपला. हवा असेल तर वर बसवायचे ब्रॅकेट घ्यावे लागतील. डावीकडचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्सला कसं बसतंय ते इंजिन लटकत असतानाच बघा, या सबफ्रेमसाठी ओतलेली वेगळी मॅनिफोल्ड मिळतात. ट्रकचा इनटेक उंच आहे, बोनेट लावायच्या आधी त्यावर मातीचा गोळा ठेवून बोनेट अलगद टेकवा, किती जागा उरते ते कळेल. पाण्याच्या दोन्ही होज या इंजिनाला उजवीकडेच येतात, आणि हेडमधून निघणारी बारीक वाफेची नळी रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा एक्स्पान्शन टाकीत न्यावीच लागते. ती बंद करून टाकणारे सापडतील, त्यांचं ऐकू नका. हेडमध्ये हवा अडकली की काटा नॉर्मल दाखवत असतानाच मागचे सिलिंडर तापतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात वायरिंगमध्ये, आणि तेही ट्रकच्या नव्हे, नोव्हाच्या जुन्या वायरिंगपायी. २००२ च्या ट्रकला बहुधा केबलवाला थ्रॉटल असतो, म्हणून तुमचा अॅक्सिलरेटरचा प्रश्न सोपा आहे. २००३ पासूनचा असेल तर ट्रकचं पेडल आणि थ्रॉटलचं वेगळं मॉड्यूल, दोन्ही त्याच ट्रकचं सोबत घ्या. कंप्युटरमधून चोरीरोधक यंत्रणा काढून घ्यावी लागते, नाहीतर इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं आणि माणूस आठवडाभर पेट्रोल पंप तपासत बसतो. ट्यून करणारा मागचे ऑक्सिजन सेन्सर बंद करेल, तेव्हाच रेडिएटरचे इलेक्ट्रिक पंखे कंप्युटरकडून चालवायची सोय करून घ्या.

कंप्युटरला चावीवरचा करंट द्यायला नोव्हातली जुनी इग्निशन कॉइलची वायर वापरू नका. ती साधी वायर नाही, रेझिस्टन्स वायर आहे. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट टिकावेत म्हणून ती मुद्दाम व्होल्टेज पाडते. कंप्युटरला पूर्ण बारा व्होल्ट हवेत, आणि सेल्फ मारताना सुद्धा तुटता कामा नयेत. चावीवर रिले चालवा आणि मुख्य करंट बॅटरीवरून फ्यूज लावून आणा.

ऑल्टरनेटरचंही तसंच. जुन्या गाडीत रेग्युलेटर बाहेर, वेगळ्या डबीत होता. तो आता काढून टाकायचा. ट्रकचा ऑल्टरनेटर शंभर अँपिअरच्या वरचा आहे, त्याला पन्नास वर्षांपूर्वीची बारीक चार्जिंग वायर लावली तर ती तापून जळते. नवी जाड वायर, मधे फ्यूज. तिसरी गोष्ट अर्थिंग. नोव्हाची सबफ्रेम बॉडीला रबरी बुशांवर बसते, म्हणजे इंजिन, सबफ्रेम आणि बॉडी या विजेच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू आहेत. बॅटरीपासून इंजिनाला, इंजिनापासून सबफ्रेमला आणि बॉडीला जाड पट्ट्या टाका. कंप्युटरचे अर्थ हेडच्या मागच्या भोकांवर, रंग खरवडून. कारण नसताना उजळणारी चेक लाइट, नाचणारे काटे, मधेच मारलेला झटका, यातलं बरंचसं खराब अर्थिंगमुळे होतं.

डॅशबोर्डवरचं तापमान दाखवायला उजव्या हेडच्या मागे एक बंद केलेलं भोक आहे, १२ मिमीचं, १.५ पिचचं. पुढचा सेन्सर कंप्युटरचा आहे, त्याला हात लावू नका.

पेट्रोलचा भाग थोडक्यात. इंजेक्टरना ५८ पीएसआय लागतात, कार्बोरेटरच्या पंपाला हे जमण्यातलं नाही. टाकीबाहेर पंप लावला की तो किंचाळतो आणि तापतो. जुन्या टाकीत आडव्या भिंती नसतात, म्हणून पाव टाकीवर वळण घेतलं की पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप कोरडा पडतो. आतच पंप असलेली इंजेक्शनची तयार टाकी घ्या, तुमच्या मॉडेलसाठी मिळते. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी रेल परतीच्या लाइनची (जादा पेट्रोल टाकीत परत पाठवणारी) आहे की बिनपरतीची, हे बघून लाइन टाका. बिनपरतीची असेल तर १९९९ ते २००४ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरा, त्यातच ५८ चा रेग्युलेटर असतो. होज इंजेक्शनच्या प्रेशरचाच घ्या, कार्बोरेटरचा साधा नको.

तुमच्याकडचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड गिअरबॉक्स ठेवायचा विचार सोडून द्या. बोल्ट जवळजवळ सगळे जुळतात हे खरं, पण क्रँकचं टोक सुमारे १० मिमी आत आहे, म्हणून स्पेसर आणि वेगळी फ्लेक्सप्लेट लागते, आणि एवढं करून हाती काय तर दोन गिअर! ४एल६०ई चा पहिला ३.०६ आणि चौथा ०.७० आहे, तो त्याच कंप्युटरने चालतो आणि ट्रकबरोबर फुकट आलेला आहे. मागचा क्रॉसमेंबर सरकवावा लागेल, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागेल. स्पीडोमीटरची केबल जाते, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक मीटर किंवा केबल फिरवणारी डबी.

यापुढचं वाचून तुमचा उत्साह कमी होईल. सहा सिलिंडरच्या नोव्हाला मागे एकेरी पाट्याचं स्प्रिंग असतं. त्यावर २८५ हॉर्सपॉवर सोडली की अॅक्सल बेडकासारखा उड्या मारतो. अनेक पाट्यांचे स्प्रिंग घाला. पुढचे ब्रेक ड्रमचे असतील तर डिस्क आधी, इंजिन नंतर. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. ज्या गाडीचं वजन, ब्रेक आणि स्टिअरिंग ११० हॉर्सपॉवरसाठी जुळवलं होतं, तिला अडीचपट ताकद देताय. डिस्क, पाटे आणि टाकी ही तीन कामं सध्याच्या इंजिनावरच करून गाडी चालवत राहा, तोवर ट्रक सापडेल. गाडी दोन वर्षं जॅकवर उभी राहून शेवटी विकली जाण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

कायद्याचं: अमेरिकेतल्या संघीय नियमाचा रोख असा की गाडीच्या वर्षापेक्षा जुनं इंजिन घालायचं नाही. तुमचं नवीन आहे. उद्या कॅलिफोर्नियात गेलात तरी १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही. विमा कंपनीला इंजिन बदलल्याचं लेखी कळवा, ठरलेल्या किमतीचा विमा घ्या.

पुण्यातल्या तुमच्या भावाला मात्र हे वाचून पद्मिनीत पिकअपचं डिझेल घालायची हौस येऊ देऊ नका. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. त्याच जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीने बदलता येतं, तेवढंच.

कॅम बदलावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. आत्ता नको. आधी मूळ कॅमवर वर्षभर चालवा, गळती, अर्थिंग, पंखे सगळं मार्गी लागू द्या. ट्रक सापडला की व्हीआयएनचं आठवं अक्षर, इंजिनचा पुढचा भाग आणि गिअरबॉक्सची शेपटी यांचे फोटो टाका. चेंबर आणि ब्रॅकेट कोणते घ्यायचे ते त्यावरून सांगेन.