जुनी गाडी घेतलीत? आधी डिपस्टिक ओढायला शिका

जुनी झेन किंवा मारुती ८०० घेतली असेल, तर सुरुवातीला दोनच सवयी लावा. ऑइलच्या ग्रेडचा (किती जाड, किती पातळ) काथ्याकूट नंतर.

पहिली सवय: इंजिन ऑइल आठवड्यातून एकदा बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून ५-१० मिनिटं झालेली. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, फडक्यानं पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा आणि मग वाचा. न पुसता वाचलेली पातळी खोटी असते, नवखे इथेच फसतात. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर पाव लिटर घाला, थांबा, पुन्हा बघा. जास्त ओतू नका. क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळून फेस करतो. काळं ऑइल चालतं. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी हलवू नका.

दुसरी सवय, डॅशबोर्डवरचे दिवे:
- लाल ऑइलची बुधली: प्रेशर गेलंय. बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद. ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणत रेटलंत तर बेअरिंगं जातात.
- लाल बॅटरी: चार्जिंग थांबलंय, आधी बेल्ट (अल्टरनेटर फिरवणारा पट्टा) बघा.

आणि चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हे दोन्ही दिवे लागायलाच हवेत. नाही लागले तर बल्ब उडालाय, किंवा विकणाऱ्यानं मुद्दाम काढलाय!