‘पार्डन’ म्हणलं की मी कॉमन ठरते का?

मी लंडनमध्ये काउन्सेलिंग करते आणि आपल्या मराठी बायकांकडून एक प्रश्न सारखा येतो, इथले लोक आपल्याला ‘कॉमन’ समजत असतील का? इथे कॉमन म्हणजे हलक्या घरचं. एकीची गोष्ट सांगते, तिला विचारलंय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती कराडकडची, इंजिनिअर, आता लंडनजवळच्या सरेमध्ये राहते. मुलीच्या शाळेच्या गेटवर एका आईचं बोलणं नीट ऐकू आलं नाही म्हणून ही ‘पार्डन?’ म्हणाली, तर ती बाई शेजारणीकडे बघून हसली. एवढंच झालं. पण हिने रात्री दोन वाजेपर्यंत गूगल केलं, तर पार्डन, टॉयलेट, सर्व्हिएट (जेवताना हात पुसायचा रुमाल), सेटी (सोफा), लाउंज हे सगळे म्हणे कॉमन शब्द, वरच्या घरातले लोक व्हॉट, लू, नॅपकिन, सोफा म्हणतात. आपल्याला तर शाळेत बाईंनी बजावलेलं की ‘व्हॉट’ म्हणणं उद्धटपणा, पार्डन म्हणायचं! हिने यादी करून किचनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि आठ वर्षांच्या मुलीला शब्दाशब्दाला टोकायला लागली. मुलगी तोंड उघडायच्या आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायला लागली तेव्हा ती माझ्याकडे आली.

मी तिला पहिलं हेच सांगितलं की हा तुझ्या मनाचा खेळ नाहीये, हे इथे खरंच आहे. अॅलन रॉस नावाच्या बर्मिंगहॅमच्या प्राध्यापकांनी १९५४ मध्ये असे शब्द गोळा केले होते, आणि त्यांचंच म्हणणं होतं की वरचा वर्ग काही जास्त शिकलेला, स्वच्छ किंवा श्रीमंत असतोच असं नाही, तो ओळखू येतो फक्त भाषेवरून. मग ते शब्द चांगले-वाईट कसले, कुंपण आहे ते नुसतं. इथेच जन्मलेली गोरी माणसंसुद्धा यात होरपळतात, इंग्लंडच्या उत्तरेकडे रात्रीच्या जेवणाला ‘टी’ म्हणतात त्यावरूनही त्यांना हिणवलं जातं. इथल्या २०१० च्या समानता कायद्यात वंश आहे पण सामाजिक वर्ग नाही, त्यामुळे ऑफिसात कुणी भारतीय म्हणून तुमच्या उच्चारांची टिंगल केली तर जरूर तक्रार करा, पण गेटवरच्या हसण्याला असा कायदा नाही.

मग मी विचारलं, असं पोटात गोळा येणं याआधी कधी झालं होतं? ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, पुण्यात, हॉस्टेलला. ही ‘आनी’, ‘पानी’ म्हणायची आणि रूममेट्स मुद्दाम परत परत बोलायला लावायच्या. एकदा आई लोणी घेऊन भेटायला आली तर हिने तिला खोलीत न नेता खालूनच एसटी स्टँडवर पोचवलं, मैत्रिणींनी आईचं बोलणं ऐकू नये म्हणून. आईने डबा हातात देताना ‘लोनी ताजं हाय’ म्हणलं होतं आणि ही इकडेतिकडे बघत होती. हे सांगताना ती इतकी रडली की त्या सेशनला आम्ही दुसरं काही केलंच नाही.

पुढच्या काही सेशन्समध्ये आम्ही गेटबद्दल फारसं बोललोच नाही, आईबद्दल बोललो. तिने हॉस्टेलची गोष्ट मुलीलाही सांगितली, आजीला व्हिडिओ कॉल केला.

यादी अजून कपाटात आहे. मुलीने खाली पेन्सिलने इंग्लिश अक्षरांत ‘लोनी’ लिहिलंय आणि ही ते खोडत नाही. गेटवर अजून धडधडतं म्हणाली, पण पार्डनच म्हणते.