पर्याय नसलेला प्रश्न

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा पेपर तपासायचा गठ्ठा पुढ्यात होता, म्हणून नीट बोलणं झालं नाही. शेजारच्या मुलाने इंजिनीअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा क्लास आत्ताच लावलाय, मीही लावू का, असं विचारत होतीस. नको लावूस. दोन वर्षं क्लासच तर केलेस. पण कॉलेज सुरू होईपर्यंतचे महिने नुसते मोबाइलवरही घालवू नकोस.

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचा ब्रिज कोर्स, म्हणजे बारावीची उजळणी, मी घेते. दहा दिवस, रोज दोन तास. पहिल्याच दिवशी फळ्यावर एक साधं इंटिग्रेशन लिहिते, बारावीत शंभरदा केलेलं. वर्ग चिडीचूप. मग एखादा धीट मुलगा विचारतो, "मॅडम, ऑप्शन्स?" तो चेष्टा करत नसतो गं. प्रवेशाच्या सीईटीत १८० मिनिटांत १५० प्रश्न, चुकलं तरी गुण कापत नाहीत. इंटिग्रेशन करत बसण्यापेक्षा चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून कोणतं जुळतं ते बघितलेलं बरं, हे त्याला दोन वर्षं शिकवलेलं असतं. आणि त्या परीक्षेपुरतं ते बरोबरही आहे. एम-वनच्या, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताच्या, पेपरात मात्र समोर कोरी उत्तरपत्रिका असते आणि गुण पायऱ्यांना असतात. चांगल्या पर्सेंटाइलची मुलं अडकतात ती तिथे.

म्हणून सकाळी तासभर एवढंच कर. सीईटीचा जुना पेपर घे, पर्यायांवर पट्टी ठेव आणि पाच गणितं पूर्ण लिहून सोडव. पायरी का केली, ते शेजारी मराठीत लिहिलंस तरी चालेल.

आणि एक गंमत करून बघ. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून साइन ०.५ काढ, ०.४७९४ येईल. आता ०.५ मधून ०.५ चा घन भागिले ६ वजा कर. ०.४७९२ येतं, म्हणजे जवळजवळ तेच! मग हाच प्रकार ०.५ च्या जागी ३ घेऊन कर. साइन ३ येतं ०.१४ आणि आपल्या सूत्राने येतं उणे १.५. का बिघडलं? पुस्तक उघडू नकोस, आलेख काढ, दोन दिवस डोकं खाजव. हे सूत्र ज्यातून येतं ती टेलरची श्रेणी आम्ही पहिल्याच सेमिस्टरला शिकवतो. तेव्हा तुला निदान प्रश्न तरी माहीत असेल.

प्रश्नावरून आठवलं. मी गावाकडून पुण्यात आले तेव्हा पहिले चार महिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजी कळायचं, पण बोलताना चुकेन ही धास्ती. एम-वनलाच केटी लागली, म्हणजे नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यावा लागला. घरी सांगितलं नाही, तुझ्या आईला आजही ठाऊक नाही. (आता कळेल, पत्र ती वाचणारच.) तू मराठी-इंग्रजी मिसळून विचार, पण पहिल्या आठवड्यातच विचार. एकदा गप्प बसायची सवय लागली की महिने जातात.

एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, पहिल्या वर्षाला सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम, म्हणजे ओळखीचे वर्ग, ठेवलाय. प्रवेशफेऱ्या लांबल्या की तो आक्रसतो, आणि शेवटच्या फेरीत आलेल्यांना तर मिळतच नाही. पण जेवढा मिळेल तेवढा बुडवू नकोस. 'तिथे काय, नुसती भाषणं' म्हणून मुलं घरी राहतात. अगं, पुढची चार वर्षं ज्यांच्या वह्या मागायच्या ती माणसं तिथेच भेटतात.

आता कागदपत्रं. जात पडताळणीचा अर्ज केला असशीलच. निव्वळ पावतीवर विसंबू नकोस, समितीच्या कार्यालयात बाबांना एक चक्कर मारायला सांग. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावरची मुदतीची तारीख वाच. २०२४ पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांतून, हवा आणि उत्पन्नाचा दाखला हवा. खोलीभाडं, मेस त्यात येत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे) पैसे लटकतात, तेही आत्ताच उरकून घे. राहण्यासाठी पुण्यातल्या विद्यार्थी साहाय्यक समितीकडे चौकशी कर. १९५५ पासून गावाकडच्या मुलामुलींची सोय करणारी संस्था आहे. भाड्याच्या खोलीचा विचार त्यानंतर.

आणि कुकर लावायला शीक. वरणभात आला तरी पुरे. पुण्यात मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते.

तुझी,
मावशी